उंदीर भाडेकरूचा, भिंत मालकाची

रात्री अकराच्या सुमारास गिरगावातील किंवा लालबागमधील एखाद्या जुन्या चाळीत दिवे मालवले जातात आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्या बिऱ्हाडाचा दिवस सुरू होतो. माळ्यावर खुडबुड होते, डब्याचे झाकण वाजते, मोरीच्या तोंडावर ठेवलेला दगड सरकतो. सकाळी पिठाचा डबा कलंडलेला असतो, मुलीच्या वहीचा कोपरा कुरतडलेला असतो आणि मास्तरांनी तपासायला घरी आणलेल्या उत्तरपत्रिकांवर लेंड्या पडलेल्या असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे वसूल करायला मालकाचा मेहता येतो, तेव्हा ही सारी कैफियत त्याच्यापुढे मांडली जाते. तो शांतपणे ऐकून घेतो, पावती फाडून देतो आणि जिना उतरता उतरता सांगतो, "घर जरा स्वच्छ ठेवत जा."

मेहत्याच्या या उपदेशात भाड्याच्या घरातील एक जुना अन्याय दडलेला आहे. घराची मालकी एकाची असते, पण घरातले उंदीर मात्र आपोआप दुसऱ्याच्या नावावर चढतात. उंदीर दिसला की तो भाडेकरूच्या गलिच्छपणाचा पुरावा ठरतो. मग लाजेपोटी भाडेकरू शेजाऱ्यालाही सांगत नाही; स्वतःच पिंजरा आणतो, विषाच्या वड्या ठेवतो आणि चार दिवस शांततेत गेले म्हणजे सुटलो असे समजतो. पाचव्या दिवशी पुन्हा डब्याचे झाकण वाजते.

ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नव्हे. दोन इमारतींमधल्या घरगल्लीत वरच्या मजल्यांवरून भिरकावल्या जाणाऱ्या उष्ट्या-खरकट्याच्या पिशव्या काही मालक टाकत नाही. अन्न मिळाले नाही तर उंदीर टिकत नाही, हे उघड आहे. परंतु अन्न हे त्याला बोलावण्याचे कारण झाले; तो आत येतो तो भिंतीतल्या भोकातून. घूस जोत्याखाली बिळे पाडते. काळा उंदीर सांडपाण्याच्या नळावरून आणि विजेच्या तारांवरून चढून छपराच्या वाशांत घर करतो. त्याच्या पिलाला अर्ध्या इंचाची फटही पुरते. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. अशा प्राण्याचा पिंजरा लावून हिशेब चुकता होत नाही. एक उंदीर मेला म्हणजे एक बीळ रिकामे झाले, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या बिळाला नवा भाडेकरू मिळायला पागडीही लागत नाही. जोत्याची डागडुजी, मोरीच्या तोंडाला घट्ट बसणारी लोखंडी जाळी, नळांना पत्र्याची पट्टी, उंबऱ्याखालची फट बुजवणे आणि भोकांत काचांचे तुकडे घालून वरून सिमेंट भरणे, हाच या रोगाचा खरा उपचार आहे. ही सगळी कामे इमारतीची आहेत. भाडेकरूच्या केरसुणीने ती होत नाहीत.

ती होत नाहीत म्हणून भाडेकरू अधिकाधिक जालीम विषाकडे वळतो, आणि येथे प्रश्न गंभीर होतो. दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे मुले जमिनीवरच जेवतात आणि जमिनीवरच झोपतात, तेथे पिवळा फॉस्फरस असलेला लेप पावाच्या तुकड्याला फासून कोपऱ्यात ठेवला जातो. या विषावर नेमका उतारा नाही. भिंत न बुजवल्याची किंमत अशा रीतीने कधी एखाद्या लहान मुलाला मोजावी लागते.

मुंबईला तरी हा धडा नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा धान्याच्या वखारी आणि दाट, अंधाऱ्या चाळी यांच्या आश्रयाने उंदीर सुखाने नांदत होते. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी ते पक्के केले. त्याच १८९८ साली मुंबईत सुधार न्यासाची स्थापना झाली. रोगाचे मूळ घरांच्या बांधणीत आणि दाटीवाटीत आहे, ही जाणीव त्यामागे होती. न्यासाच्या कामाचे गुणदोष काहीही असोत, माणसांना फवारून न थांबता इमारतींकडे पाहिले पाहिजे, एवढे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते. १९९४ साली सुरतेत आणि बीड जिल्ह्यात प्लेगने पुन्हा भीती पसरवली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत बळी घेतले. या रोगाचे जंतू उंदरांच्या मुत्रातून पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. तेव्हा उंदीर ही केवळ गृहिणीची कटकट नव्हे, तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

मग कायदा काय सांगतो? १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या १४ व्या कलमानुसार, भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर जागा राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस दिल्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू एकट्याने किंवा संयुक्तपणे ती करून घेऊ शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

कागदावर ही तरतूद उत्तम आहे. आता ती चाळीत नेऊन पाहावी. जुन्या खोलीचे भाडे महिना शंभर रुपये धरले, तर वर्षाचे बाराशे होतात आणि त्याचा चौथा हिस्सा तीनशे. एवढ्या पैशात सिमेंटची एक गोणी आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरीदेखील भागत नाही. अर्थात ज्याला हक्क आहे त्याच्या हक्कात पैसा नाही.

याच्या उलट चित्र पाहायचे असेल तर डोंबिवलीत, ठाण्यात किंवा पुण्याच्या उपनगरांत जावे. तेथे नव्या पिढीतला शिक्षक किंवा कारकून अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसेन्सच्या करारावर राहतो. त्याचे भाडे महिना पंधरा हजार धरले, तर वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा पंचेचाळीस हजार होतो. त्यात अख्ख्या घराची भोके बुजवून वर रंगही लावता येईल. परंतु १४ व्या कलमाने हा हक्क दिला आहे तो भाडेकरूला, आणि कराराच्या भाषेत हा गृहस्थ भाडेकरूच नाही. तो परवानाधारक आहे. शिवाय त्याने मोरीच्या जाळीसाठी दोनदा फोन केला, तर तिसऱ्या वेळी मालक नम्रपणे विचारतो, "करार संपतोच आहे ना मार्चमध्ये?" त्याच्या डोळ्यांपुढे मुलांची शाळा, दलालाची दलाली, नवी अनामत आणि सामानाचा टेम्पो उभा राहतो आणि तो गप्प बसतो. येथे पैसा आहे, पण हक्क नाही. आणि जो काही आहे तो उच्चारण्याची सोय नाही.

याच करारातली सर्वांत दुबळी कडी म्हणजे विद्यार्थी. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, आणि प्रत्येक कॉटमध्ये ढेकूण. ढेकूण रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही, पण तो झोप हिरावून घेतो, आणि परीक्षार्थ्याला झोपेची किंमत सांगायला नको. मालकाचे उत्तर तयार असते : ढेकूण मुलांच्या सामानातून आले. आले असतील, ढेकूण सामानातून प्रवास करतो हे खरेच आहे. परंतु एक मुलगा जातो, दुसरा येतो आणि कॉट, गादी व भिंतीतल्या चिरा त्याच राहतात. अंडी फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून एकदाच फवारून भागत नाही. काही दिवसांनी पुन्हा फवारावे लागते आणि तेही सर्व खोल्यांत एकाच वेळी. हे काम एकटा विद्यार्थी कसे करणार? ज्याच्या हातात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत, त्यानेच ते करावयास हवे.

केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा ठेवला. त्यात इमारतीची मूळ दुरुस्ती आणि नळांची बदली मालकाकडे, तर सांडपाण्याच्या वाटेची सफाई आणि जाळ्या बदलणे भाडेकरूकडे अशी वाटणी केली आहे. वाटणी असणे हे नसण्यापेक्षा चांगलेच. पण उंदीर शिरतो तो नेमका या दोन जबाबदाऱ्यांच्या सांध्यातून. मोरी तुंबली तर ती भाडेकरूची आणि मोरीचा नळ फुटला तर तो मालकाचा. मग फुटक्या नळातून मोरीत आलेला उंदीर कोणाचा?

महापालिकेचेही असेच आहे. मुंबईत रात्रपाळीचे मूषकसंहारक बॅटरी आणि काठी घेऊन गल्लोगल्ली हिंडतात आणि प्रत्येकाला रात्रीला तीस उंदरांचा हिशेब द्यावा लागतो. त्यांच्या कष्टांविषयी आदरच बाळगला पाहिजे. तथापि मेलेले उंदीर मोजणारी यंत्रणा जिवंत भोके मोजत नाही. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात उपद्रव दूर करण्यासाठी नोटीस देण्याचा अधिकार आहे. पण ती मालकाला द्यावी की भोगवटादाराला, या प्रश्नात ती अनेकदा सोप्या दाराकडे वळते, आणि सोपे दार नेहमी आत राहणाऱ्याचे असते.

न्यायाच्या दृष्टीने मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. दशकानुदशके गोठलेल्या भाड्यात जुन्या चाळीच्या मालकाने इमारत सुस्थितीत ठेवावी, ही अपेक्षा हिशेबात बसत नाही. जुन्या कायद्यातील प्रमाणभाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले होते. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी. पण शंभरावर चार रुपये वाढल्याने जोते दुरुस्त होत नाही. परंतु हा युक्तिवाद फक्त जुन्या चाळीपुरता खरा आहे. बाजारभावाने भाडे घेणाऱ्या मालकाला तो लागू पडत नाही, आणि त्याच्याही घरात उंदीर आहेत. तेव्हा दोष केवळ कमी भाड्याचा नाही. तक्रार ऐकलीच पाहिजे अशी सक्ती नसण्याचा आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे व ती जबाबदारी मालकाची आहे. त्या नोंदणीच्या नमुन्यातच घराचा ताबा देताना भोके, जाळ्या, मोऱ्या आणि लाकडी सामान यांची स्थिती नमूद करण्याचे बंधन घालता येईल. इमारतीतून होणाऱ्या प्राण्यांच्या शिरकावाचा बंदोबस्त मालकाकडे, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि १४ व्या कलमाचा हक्क परवानाधारकालाही मिळावा. जुन्या चाळींत दुरुस्ती केल्याचा पुरावा देणाऱ्या मालकाला त्या प्रमाणात भाडेवाढ मिळावी. दुरुस्तीही नाही आणि वाढही नाही, या कोंडीतून दोघांचीही सुटका होईल. महापालिकेने वॉर्डावॉर्डांत उंदरांबरोबर भोकांचीही मोजणी करावी आणि ती बुजवून खर्च मालकाकडून वसूल करावा.

कायदा बदलेपर्यंत भाडेकरूंनी स्वस्थ बसावे असे नाही. एका खोलीचे भोक बुजवले तर उंदीर शेजारच्या खोलीत जातो. म्हणून एकट्याची तक्रार आणि एकट्याचा पिंजरा दोन्ही निरुपयोगी. मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांनी मिळून लेखी नोटीस द्यावी, ती पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी, भोकांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. दहा खोल्यांचे तीनशे एकत्र आले तर तीन हजार होतात, आणि तेवढ्यात एका मजल्याच्या मोऱ्यांना जाळ्या नक्की बसतात. त्याच बैठकीत घरगल्लीत कचरा टाकणे बंद करण्याचा ठरावही करावा. ज्याचे स्वतःचे हात खरकटे नाहीत, त्याच्या नोटिशीला वजन येते.

पुढच्या महिन्यात मेहता पुन्हा जिना चढून येईल. तेव्हा एकेका दारात कैफियत ऐकून घेण्याऐवजी मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्यांचा एक कागद त्याच्या हाती पडावा, आणि पावती फाडण्याआधी त्याला तो वाचावा लागावा.