एमपी३ ला वेव्ह म्हटल्याने गेलेला आवाज परत येत नाही

भारतीय भाषांच्या संगणकीय प्रकल्पांची बातमी आली की मथळ्यात एकच आकडा झळकतो: इतके हजार तास ध्वनिमुद्रण. जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’चा आरंभ झाल्यापासून तर हे तास मोजण्याचे आपल्याला व्यसनच जडले आहे. ते कोणत्या अवस्थेत गोळा झाले, हे विचारणारा मात्र विरळा.

रायपुरात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी भाषकांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. बस्तरची हलबी बोलणारे साडेसात लाखांवर. हलबीतला षष्ठीचा ‘चो’ मराठी कानाला लगेच ओळखू येतो. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने तिला मराठीच्या खंडातच जागा दिली होती. अशा भाषेतले एखाद्या वृद्धेचे बोलणे विद्यार्थी फोनवर टिपतो, व्हॉट्सॲपवरून पाठवतो. पुढे कुणीतरी ते १६ किलोहर्ट्झच्या एकवाहिनी वेव्ह फाइलमध्ये बदलतो आणि ते ‘संशोधनयोग्य’ ठरते.

रूपांतर करूच नये, असे माझे म्हणणे नाही. विश्लेषणाच्या आज्ञावलींना एकसारखे नमुने लागतात, आणि एफएफएमपेग हे काम क्षणात करते. माझा आक्षेप त्यानंतरच्या मौनाला आहे.

एमपी३ ची रचनाच मुळी मानवी कानाच्या उणिवांवर उभी आहे. मोठ्या आवाजाआड जे ऐकू येणार नाही, ते ती वगळते किंवा ओबडधोबड साठवते. गाणे ऐकणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसते. ध्वनी मोजणाऱ्याची असायलाच हवी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे, हे मराठी मूल न शिकवता जाणते. तो भेद बराचसा उच्च वारंवारतेच्या घर्षणात असतो, आणि बिटदर उतरवला की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. ‘ट’ च्या स्फोटाआधीची निःशब्दता घ्या: संक्षेपणाचा गोंगाट स्फोटाच्या अलीकडे पसरून त्या शांततेत शिरतो. मग त्या जागी मिलिसेकंद मोजणारा विद्यार्थी भाषा मोजतो आहे की संक्षेपकाची करामत?

एमपी३ च्या सुरुवातीला भर पडलेले नमुने एक आज्ञावली कापते, दुसरी ठेवते. हा फरक सुमारे पंचवीस मिलिसेकंदांचा असू शकतो. एका प्रतीवर लावलेल्या खुणा दुसऱ्या प्रतीवर सरकतात, आणि दोष बिचाऱ्या खुणा लावणाऱ्याच्या माथी येतो.

‘यंत्राच्या वाक्‌ओळखीला एवढे बारकावे लागत नाहीत,’ असे उत्तर मिळते. चांगल्या बिटदराला ते बरेचसे खरेही आहे. मोझिलाचे ‘कॉमन व्हॉइस’ आपल्या फिती एमपी३ मध्येच देते, पण उघडपणे. वेव्हचा मुखवटा चढवून मूळ फाइल पुसून टाकणे ही निराळी गोष्ट झाली. तो संग्रह उद्या ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडला, तर त्याला सावध कोण करणार?

जागेची सबब तर सांगूच नका. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक वाहिनी, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी. मूळ मुद्रणच असे करता येते, फोनवरसुद्धा. आणि जिथे ते आधीच एमपी३ मध्ये झाले आहे, तिथे मूळ फाइल जपा आणि संग्रहाच्या तक्त्यात तिचा प्रकार, बिटदर व रूपांतर करणारी आज्ञावली यांचे तीन स्तंभ वाढवा. तासांचा आकडा छापणाऱ्यांनी ते तीन स्तंभही छापावेत.