कोठीवरची नजर

भाताची झोडणी उरकून खळी मोकळी होतात, दारोदार पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात आणि थंडी अंगात मुरू लागते, तेव्हा आपल्या कर्जत-खालापूरला दरवर्षी सिद्धगडाची आठवण येते. २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. त्यांचा आझाद दस्ता, त्याने पाडलेले विजेचे मनोरे, हे आपण पोराबाळांना सांगतोच. पण भाईंनी सावकाराच्या पाशातून गरीब शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या उभारल्या होत्या, हेही या दिवशी आवर्जून आठवावे. ती आपल्या मुलखातली बँकच होती. अशा कोठीची पत एवढ्यावरच उभी असते, की आत दाणा किती आहे हे गावाला दिसते.

पैशाची कोठी अशी दिसत नाही. म्हणूनच ती आपल्या वतीने पाहणारा कुणी नेमावा लागतो. १९६० साली पलई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ जन्माला आले. तेव्हा दीड हजार रुपयांपुरते असलेले संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर गेले आहे. पण विमा ही बुडाल्यानंतरची तजवीज. राखण त्याआधी व्हायला हवी, आणि ती कशी हुकते हे आपण फार जवळून पाहिले आहे. २०१० मध्ये शेजारच्या पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले. २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना गेला. दोन्हीकडे बोगस कर्जखात्यांचे आरोप झाले. बंद शटरवर चिकटवलेली सूचना, तिच्यापुढे पासबुक उराशी धरून उभे असलेले वृद्ध, मुलीच्या लग्नाची तारीख सांगत काउंटरशी विनवणारा बाप, ही रायगडने सोसलेली दृश्ये आहेत. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या बँकेचे सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. एका दारातली अशी भीती शेजारच्या धडधाकट बँकेच्या दारीही रांग लावते. २००१ साली गुजरातेतली माधवपुरा बँक कोसळली, तेव्हा तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या इतर सहकारी बँकाही हादरल्या होत्या.

आपल्या तालुक्यांना याची चिंता अधिक असायला हवी. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासाठी जमिनी गेल्या, फार्महाऊससाठी विकल्या गेल्या, आणि पिढ्यांची शेती एका मुदत ठेवीच्या पावतीत येऊन बसली. पाच लाखांचे कवच सामान्य बचतदाराला पुरते. जमिनीच्या पैशाला ते पुरत नाही, कारण मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेच्या सगळ्या शाखा धरून ही मर्यादा मोजतात. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळी लागूच नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज आणि ओळखीचा संचालक, एवढ्यावर घराण्याचे उभे आयुष्य एका जागी ठेवू नये, असे आपण आपल्या माणसांना हक्काने सांगायला हवे.

रिझर्व्ह बँकेने तपासणी कडक करावी, २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांच्या कारभारावर मिळालेले वाढीव अधिकार वेळेवर वापरावेत, हे खरेच. मात्र एक मूळ दुखणे आपल्या हातचे आहे. सहकारी बँकेत कर्ज घेणारा सभासद होतो, त्याला मत मिळते. नुसती ठेव ठेवणाऱ्याला मिळत नाही. ज्याचा दाणा कोठीत आहे तोच निवडणुकीच्या दिवशी दाराबाहेर राहतो. तेव्हा ठेवीदारांनी भाग घेऊन सभासद व्हावे. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. जेवणाच्या पाकिटापाशी न थांबता अहवाल उघडावा, थकबाकी किती, मोठी कर्जे कुणाकडे आणि संचालकांच्या आप्तांकडे किती, लेखापरीक्षकाने कोणता वर्ग दिला, हे उभे राहून विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नये.