कचरा वेगळा करा, आणि शेवटपर्यंत वेगळाच ठेवा



राब भाजून झाला. आता पावसाळी भेंडी-काकडीच्या जागेत खत पसरायचं काम चालू आहे. ते करताना मनात आलेलं लिहितो.

आमचं गाव गांधारी पुलाच्या पलीकडचं. भाजी घेऊन कल्याणात शिरलो की कितीतरी वर्षं आधी आधारवाडीचा वास यायचा, उन्हाळ्यात धूर. शहरातला सगळा कचरा एका डोंगरावर. २०१५ साली याच कचऱ्यावरून हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीत नवीन बांधकामांना परवानगी द्यायची नाही असं सांगितलं होतं. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या धामधुमीतच, पालिकेने शून्य कचरा मोहीम काढली. ओला कचरा रोज, सुक्याचे वार ठरलेले. उपायुक्त होते रामदास कोकरे, ज्यांनी आधी वेंगुर्ल्यात काम करून दाखवलं होतं. मे २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं. हे लहान काम नव्हे, हे मान्य केलंच पाहिजे.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी शेणखत परवडेना म्हणून एका ठिकाणाहून ट्रॉलीभर शहरी खत आणलं. दिसायला काळंभोर, वासही नाही. पसरताना आमच्या मंडळींच्या हातात काच घुसली, तीन टाके पडले. मग ढीग चाळला. शॅम्पूच्या पुड्या, दाढीचं ब्लेड, पेनाच्या नळ्या, घड्याळाचे सेल. उरलेलं खत अजून बांधावर तसंच पडलंय. शेजारी म्हणतो, "दादा, फुकट दिलं तरी नको."

भाजीचं देठ, साल, उरलेला भात यांचं दीड-दोन महिन्यांत उत्तम खत होतं. ढीग चांगला तापला की तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. पण काच तापून कुजत नाही. सेलमधलं शिसं, कॅडमियम जमिनीत गेलं की परत काढता येत नाही. म्हणून तर खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टमध्ये हे किती चालेल याची मर्यादा घातली आहे. प्रयोगशाळा मर्यादा तपासेल, पण काच वेगळी करायची जागा एकच, तुमच्या ओट्याखालचा डबा.

रविवारी मी एका सोसायटीच्या गेटवर भाजी विकतो. तिथे वर्गीकरण नको म्हणणारा माणूस मला आजवर भेटला नाही. सगळे म्हणतात, चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण एक काकू म्हणाल्या, "भाऊ, मी दोन डबे ठेवते. एकदा गाडीत दोन्ही एकत्र टाकताना बघितलं. तेव्हापासून मन लागत नाही." काकूंचं चुकत नाही. मी निवडलेला माल आडतीवर कुणी खराब मालात ओतला, तर दुसऱ्या दिवशी मी तरी का निवडत बसेन?

२०१६ च्या नियमात ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग घरीच करायला सांगितले होते. नियम बरोबर आहे, माझा पूर्ण पाठिंबा आहे. दंडालाही विरोध नाही. फक्त क्रम असा हवा: आधी गाडीत वेगळे कप्पे, मग दंड. नाहीतर लोक नियमाला मान डोलावतील आणि डबा एकच ठेवतील.

दुसरं, कचरा जातो कुठे ते लोकांना दाखवा. राज्य सरकारने पालिकांच्या तपासलेल्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिलंय. ते कल्याणच्या आसपासच्या भाजीवाल्या शेतकऱ्याच्या बांधावर पोचू दे. ज्या सोसायटीचा ओला कचरा, तिला त्याच खतावरची भेंडी बघू दे. काकूंना एकदा ते दिसलं की दुसरा डबा पुन्हा बाहेर येईल.

आणि आपण शेतकरी फार शहाणे आहोत असंही नाही. मल्चिंगचा कागद बांधावर पेटवतो, औषधाच्या बाटल्या ओढ्यात टाकतो. मीही टाकल्यात. यंदापासून बाटल्या गोणीत भरून ठेवतोय. शहराला सांगायचं तर आधी आपला बांध साफ हवा.

शहरी मित्रांनो, यंदा परत खत घ्यावं का याचा विचार चालू आहे. घेतलं तर आधी एक पाटी चाळून बघणार. त्यात काच निघाली नाही तर मी पसरेन, आणि शेजाऱ्यालाही सांगेन. तुमच्याकडे गाडीत कचरा वेगळा राहतो का, ते खाली लिहा. खरं तेच लिहा.