मैदान कुणाच्या बापाचे?



"बुलढाण्याच्या कामगाराला मुंबईच्या मैदानाचे काय पडले आहे?" असे आम्हाला विचारतात. विचारणारा शहाणा असेल, पण त्याने कापसाची गाठ कधी उचललेली दिसत नाही. आमची माणसे मुंबईला जाण्याच्या आधी आमचा कापूस तिथे गेला. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर जायचा. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि खामगावच्या बाजारातला माल आगगाडीने जाऊ लागला. 1956 पर्यंत आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पण कापसाने ती सरहद्द कधी मानली नाही.

तो कापूस पडायचा कुठे? किल्ल्यातल्या टाऊन हॉलसमोर मोठे पटांगण होते. साहेब त्याला 'ग्रीन' म्हणत. तिथे गाठींचे डोंगर लागायचे. 1844 मध्ये कापूस कुलाब्याला हलवला, पुढे शिवडीला. आजही तिथल्या स्टेशनचे नाव कॉटन ग्रीन आहे. कापूस हलला आणि पुढे 1860 नंतर त्या मोकळ्या पटांगणाभोवती पेढ्यांच्या इमारतींचा गोल उभा राहिला. मधे बाग उरली. एल्फिन्स्टनचे नाव जाऊन त्याला हॉर्निमनचे नाव मिळाले, ते स्वातंत्र्य आल्यावर.

किल्ल्याबाहेरचे मोठे मैदानही कुणी रयतेसाठी राखले नव्हते. तोफांच्या माऱ्यात आड काही येऊ नये म्हणून ती जागा मोकळी ठेवली होती. 1860 नंतर तट पाडले, रस्ते निघाले आणि त्या एका मैदानाचे तुकडे झाले: ओव्हल, क्रॉस मैदान, कूपरेज, आझाद मैदान. 1875 मध्ये गोऱ्यांचा जिमखाना आला. साहेबांचे घोडे पोलो खेळायचे, टापांनी जमीन उखडायची आणि आपल्या पोरांना क्रिकेट खेळता यायचे नाही. त्या पोरांनी अर्जावर अर्ज केले. मैदानासाठी भांडण आम्ही आज काढलेले नाही. ते तेव्हापासूनचे आहे!

पण तोफांसाठी राखलेली जागा लोकांची झाली कशी? लोक तिथे बसले म्हणून. 1930 च्या लढ्यात त्याच मैदानात सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. तिकडे परळला कामगार मैदान गिरणीवाल्यांचे झाले. औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 ला एक दिवसाचा संप झाला. तेव्हा डॉ. आंबेडकर आणि कॉ. डांगे एका बाजूला उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर अत्र्यांची तोफ धडाडली. शाहीर अमर शेख यांच्या डफावर मैदाने डोलली. शेठजींना सभा घ्यायला दिवाणखाना आहे. खोलीत दहा-दहा जण झोपणाऱ्या कामगाराने कुठे जमायचे? आमचा दिवाणखाना म्हणजे मैदान!

आता खरी मेख ऐका. मुंबईत 58 गिरण्या, त्यांची जमीन सुमारे 600 एकर. 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 मध्ये नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करताना तीन वाटे करायचे. एक वाटा मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. हा न्याय होता. दोन पिढ्यांचा घाम जिरलेल्या जमिनीवर कामगाराची पोरे खेळली असती. पण 2001 मध्ये नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेचे, इमारतीखालच्या जागेचे नाही! आणि गिरणी म्हणजे तर सगळे शेडच. वाटणीला उरले काय? अंगणाचा तुकडा. प्रकरण कोर्टात गेले आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम केला. "मैदानापेक्षा घरे महत्त्वाची" असे कुणी सांगेल, तर त्याला सांगा की त्या एका फटक्यात मैदानाचा वाटा घटला आणि घरांचाही घटला.

खामगाव, मलकापूर, बुलढाणा, शेगावच्या बंधूंनो, हे मुंबईचे रडगाणे म्हणून ऐकू नका. तुमच्या गावचे बाजाराचे पटांगण, पोरांची खेळायची जागा कागदावर कुणाची आहे, हे पाहिले आहे काय? 1966 च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण टाकता येते. पण दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, आणि मालकाने नोटीस दिल्यावरही नगरपालिका मुदतीत हलली नाही, तर ते आरक्षण उठते. म्हणजे मैदान लुटायला चोर लागत नाही, झोपलेली नगरपालिका पुरते.

म्हणून युनियनच्या प्रत्येक शाखेने चार माणसे निवडावीत. नगरपालिकेत जाऊन आराखडा पाहावा. मैदाने कोणती, आरक्षण कधीचे, ताबा कुणाचा, हे वहीत उतरावे. नवा आराखडा निघाला की मुदतीच्या आत हरकत लिहून द्यावी आणि पोच घ्यावी. आणि मैदान रिकामे ठेवू नये! तिथे सभा घ्या, कुस्त्या लावा, पोरांना खेळू द्या. जिथे रोज पावले पडतात तिथे कुंपण घालायला हिंमत लागते.

मैदान कुणाच्या बापाचे नाही. जो जमतो त्याचे आहे. आम्ही जमणार!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!