रिकाम्या सभागृहातील हवामान आराखडा

मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. दुसऱ्याच दिवशी आयुक्त प्रशासक झाले. आणि त्याच आठवड्यात, १३ मार्च रोजी, मुंबईचा हवामान कृती आराखडा समारंभपूर्वक प्रसिद्ध करण्यात आला. २०५० पर्यंत या महानगराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प त्यात सोडलेला आहे. म्हणजे देशाने स्वतःसाठी ठरविलेल्या २०७० या मुदतीच्या वीस वर्षे आधी. संकल्प मोठा आहे यात शंका नाही. परंतु ज्या नगरीच्या वतीने तो सोडला, तिचे सभागृह त्या दिवशी रिकामे होते. आणि पुढे जवळजवळ चार वर्षे, जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, ते रिकामेच राहिले.

तारखांचा हा योगायोग आहे, असे म्हणून तो सोडून देता येईल. आराखड्याचे काम आधीपासून चालू होते, निवडणुका इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या आणि प्रभागसंख्येच्या वादात अडकल्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. हवामानबदल हा तज्ज्ञांनी मोजावयाचा, सल्लागार संस्थांनी लिहावयाचा आणि प्रशासकांनी राबवावयाचा विषय आहे, लोकांनी फार तर हरकती-सूचना पाठवाव्यात, ही समजूत आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे की सभागृह नसल्याची उणीव कोणाला भासलीच नाही. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक, कोठेही पाहावे, त्या काळात सर्वत्र प्रशासकांचेच राज्य होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, हा संविधानाच्या २४३-यू कलमाचा स्पष्ट दंडक. तो चार वर्षे मोडला गेला आणि शहरे मात्र हवामानाच्या आराखड्यांची मुखपृष्ठे छापीत राहिली.

आराखडा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१९ साली मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कर्बवायू हवेत सोडला आणि त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक भाग विजेसारख्या ऊर्जेच्या वापरातून आला, हे त्यात स्वच्छ मांडलेले आहे. ही वीज मुख्यतः कोळशावर निर्माण होते. उष्णतेचा मार कोणावर बसतो, हेही त्यात लपविलेले नाही: पत्र्याच्या छपरांच्या दाट वस्त्या शेजारच्या झाडीच्या वसाहतींपेक्षा अधिक तापतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या काठच्या माणसाने हे दुसऱ्या रूपात भोगले होते. निदान बरोबर आहे. प्रश्न आहे तो औषध कोण ठरविणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा.

बसचेच पाहा. १९४७ च्या ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने खाजगी कंपनीकडून ट्राम-बस आणि वीज ताब्यात घेतली. ‘बेस्ट’ ही या देशातील नागरी समाजवादाची एक हाडामांसाची खूण होती. ज्याच्या खिशात गाडी नाही त्याला शहर ओलांडता यावे, ही तिची साधी प्रतिज्ञा. आज हवामानाच्या भाषेत याच गोष्टीला शाश्वत वाहतूक म्हणतात, आणि आराखड्याच्या सहा विषयांपैकी तो एक आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले, तेव्हा प्रवासी परतू लागले होते. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले, एका फटक्यात दुप्पट. मधल्या काळात बेस्टच्या मालकीच्या गाड्या भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी ठेकेदाराची गाडी आणि ठेकेदाराचाच चालक आला, आणि परवडेना तेव्हा काही ठेकेदार गाड्या उभ्या करून निघूनही गेले. त्याच महापालिकेने तेरा-चौदा हजार कोटी रुपये खर्चून समुद्रकिनाऱ्याचा जो रस्ता बांधला, त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. भाडेवाढ झाली तेव्हा सभागृहात उभे राहून या दोन आकड्यांचा हिशेब मागणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

२०२४ पासून महापालिका हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पही मांडते. पहिल्याच वर्षी दहा हजार कोटींहून अधिक खर्च हवामानाशी संबंधित म्हणून दाखविण्यात आला. कोठला खर्च कोणत्या कामी येतो हे कळले तर आनंदच आहे. पण मलनिःसारण, पर्जन्यजलवाहिन्या अशी जी कामे एरवीही करावीच लागणार होती, त्यांवर नवी चिठ्ठी चिकटवून हा आकडा फुगणार असेल, तर तो फक्त जमाखर्चाचा खेळ होय.

आता एक आक्षेप. नगरसेवक असते तर काय मोठे दिवे लावले असते? ठेकेदारांचे सोयरे कोण होते? हा आक्षेप केवळ मध्यमवर्गीय तुसडेपणातून येत नाही. आपल्यातील अनेक साथीही खाजगीत हेच बोलतात. त्याचे उत्तर पुण्याने दिलेले आहे, आणि ते दोन्ही बाजूंना टोचणारे आहे.

१९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. बहुतेक जणी दलित, बहुतेक निरक्षर. उकिरड्यावरचे वेचून भंगारवाल्याला विकणे हा धंदा, पोलिसांचा आणि कुत्र्यांचा त्रास हा त्यातील भत्ता. या बायांनी पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने ती मान्य केली. आपण भीक मागत नाही, शहराचे काम करतो, हे महापालिकेच्या शिक्क्याने मान्य झाले. २००८ मध्ये त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार होऊन त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी शुल्क त्यांना मिळते आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांचाच. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद हे काम करतात.

याचा हवामानाशी संबंध काय? पुष्कळ. ओला कचरा सुक्यात मिसळून ढिगाखाली दडपला की तो हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. दारातच वेगळा केलेला ओला कचरा खत होतो. वेगळा केलेला कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्यात जातो, तेवढे लाकूड आणि खनिज, तेवढा कोळसा वाचतो. आणि जो कचरा डेपोत जातच नाही, त्याच्यासाठी उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांना आपल्या विहिरी नासलेल्या पाहाव्या लागत नाहीत. त्या दोन गावांनी पुण्याची घाण किती वर्षे सोसली, आणि किती वेळा गाड्या अडविल्या, हे पुणेकर साथींना सांगावयास नको.

याउलट ठेकेदाराचे गणित पाहा. त्याला टनावर पैसे मिळतात. कचरा जितका जास्त, मिसळलेला, ओला आणि जड, तितके बिल मोठे. कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्याला तर कागद आणि प्लास्टिक जळण म्हणून हवेच असते. तोच माल वेचकाच्या ताटातला घास असतो. म्हणजे वेचक बाईचे पोट कचरा वेगळा होण्यावर आहे आणि ठेकेदाराचे तो न होण्यावर. पर्यावरणाचे हित आणि कष्टकऱ्याचे हित एकाच बाजूला उभे असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही. आणि तरीही २०२० च्या अखेरीस स्वच्छचा करार संपला, तेव्हा मुदतवाढ मिळाली ती महिन्यामहिन्यांच्या तुकड्यांनी, आणि काम खाजगी कंपनीला द्यावे म्हणणाऱ्यांत निवडून आलेले नगरसेवकही होते. सभागृह तेव्हा भरलेले होते!

म्हणून नुसते सभागृह भरले की लोकशाही आली, असे म्हणण्याचा भाबडेपणा आपण करू नये. त्या वेळी स्वच्छ टिकली, कारण तीन दशकांची संघटना तिच्यामागे होती, आणि ज्यांच्या दारात त्या बाया रोज जात होत्या असे हजारो पुणेकर त्यांच्या बाजूने बोलले. ८ डिसेंबर २०२५ रोजी बाबा गेले. श्रद्धांजलीचे ठराव अनेक महापालिकांनी केले असतील. त्यांच्या शहरांत वेचकांशी करार किती आहेत, ते विचारावे.

सत्ता, पैसा आणि संघटना ही तिन्ही एकत्र आली तर लहानशा पंचायतीलाही काय साधते, ते केरळात दिसते. वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी ग्रामपंचायतीने जून २०१६ मध्ये कार्बन-समतोल होण्याचा निर्धार केला. आधी गावाच्या उत्सर्जनाची मोजदाद झाली. मग झाडे लावावयाची ठरली. पण झाडे लावा असे शेतकऱ्याला सांगणे सोपे, ती दहा वर्षे न तोडणे त्याला परवडले पाहिजे. म्हणून झाड तारण ठेवण्याची योजना निघाली: शेतकऱ्याने लावलेल्या झाडामागे सहकारी बँक वर्षाला पन्नास रुपये बिनव्याजी कर्ज देते, आणि झाड तोडले नाही तर ते फेडावे लागत नाही. राज्य सरकारने यासाठी दहा कोटी रुपयांची ठेव ठेवली. रक्कम मोठी नव्हे. पण हा विचार पंचायतीच्या सभेत होऊ शकला, कारण केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून राज्याच्या योजनाखर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला होता.

आपल्याकडे काय झाले? १९६२ साली जिल्हा परिषदा उभ्या करून देशाला वाट दाखविणारे हे राज्य. त्याच राज्यात आता पर्यावरण विभाग ‘माझी वसुंधरा’ची गुणपत्रिका काढतो, ग्रामपंचायती आणि नगरपालिका गुणांसाठी धावतात, आणि वरच्यांना बक्षिसे मिळतात. स्पर्धेला आमची हरकत नाही, पण प्रश्नपत्रिकाही मंत्रालयात निघते आणि गुणही मंत्रालयच देते, याला स्वराज्य म्हणत नाहीत. जकात २०१७ मध्ये गेली आणि मुंबईसारखी श्रीमंत महापालिकाही राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे पाहू लागली. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडताना सरकारी खर्चाचा चौथा हिस्सा गाव, शहर आणि जिल्ह्याच्या पंचायतींमार्फत व्हावा असे म्हटले होते. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणरक्षण नगरपालिकांच्या अठरा विषयांत घातलेले आहे. विषय दिला, पैसा दिला नाही.

उष्णतेबाबत अहमदाबादचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो द्यावा असाच आहे. मे २०१० च्या लाटेत त्या शहरात एरवीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असे संशोधकांनी काढले. २०१३ मध्ये तेथील महापालिकेने दक्षिण आशियातील पहिला उष्मा कृती आराखडा केला. पूर्वसूचना, पाणपोया, दवाखान्यांत तयारी, बागा दुपारीही उघड्या, छपरांना पांढरा रंग: खर्च थोडा, उपयोग मोठा. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी सोहळ्याला जमलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली, त्यानंतर तरी प्रत्येक पालिकेने हे करावयास हवे होते. तथापि नाक्यावरच्या मजुराला ‘दुपारी बाहेर पडू नका’ असा संदेश पाठवून भागत नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, हे आराखड्यात लिहिलेले असावे लागते.

परवा एका शहरात नव्याने निवडून आलेल्या तरुण नगरसेविकेने विचारले, ‘हवामानाचे आम्ही काय करावयाचे? ते तर वरून येते.’ तिला जे सांगितले तेच येथे लिहितो. प्रभागात पत्र्याची छपरे किती, ती मोजावीत, आणि ती रंगविण्याची तरतूद या अर्थसंकल्पात मागावी. कचऱ्याचा ठेका टनावर आहे की घरांवर, ते करार मागवून वाचावे. बसचे भाडे आणि फेऱ्या हा विषय परिवहन समितीपुरता न ठेवता पूर्ण सभागृहात आणावा. आणि पालिकेचा हवामान आराखडा, जो प्रशासकाच्या काळात कोणाला न विचारता झाला, तो वस्तीच्या सभेत मराठीत वाचून दाखवून, दुरुस्त्यांसह, सभागृहापुढे पुन्हा मंजुरीला ठेवण्याचा ठराव द्यावा. तो पहिल्या खेपेस फेटाळला जाईल. तिने सूचक म्हणून सही केली आहे. अनुमोदक शोधण्याचे काम चालू आहे.