खप हा गुण नव्हे

पुस्तक कसे आहे, हा प्रश्न मागे पडून ते किती खपले, एवढाच प्रश्न उरला की वाङ्मयाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. भारतीय इंग्रजी कादंबरीच्या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत नेमके हेच घडले आहे.

२००४ साली चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ ही कादंबरी अवघ्या ९५ रुपयांत बाजारात आली. ज्या घरांत इंग्रजी कादंबरी कधी शिरली नव्हती, तेथेही ती पोहोचली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते किमतीचे आणि वितरणाचे यश होते, लेखनाचे नव्हे. तिच्यातील पात्रे एकाच आवाजात बोलतात. प्रसंगातील दुःख अनुभवास येत नाही, ते केवळ कळविले जाते. तरीही २०१० साली ‘टाइम’ने भगत यांना जगातील शंभर प्रभावशाली व्यक्तींत स्थान दिले आणि २०१७ साली दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमात ही कादंबरी लावण्याचा प्रस्ताव पुढे आला. खपाचा आकडा गुणवत्तेच्या आसनावर बसला तो असा!

अशा लेखनाचे समर्थक दोन युक्तिवाद करतात. पहिला, भाषा साधी आहे. पण साधेपणा आणि दारिद्र्य ह्यांत भेद नाही काय? साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलालाही तिचे वाक्य अडत नाही आणि प्रौढ वाचकाचे डोळे आजही ओलावतात. तो साधेपणा अनुभवाच्या आणि संस्काराच्या पोटी आलेला आहे, आळसाच्या पोटी नव्हे.

दुसरा युक्तिवाद असा की, लोकांना हेच हवे असते. ही तर वाचकाची उघड निंदा आहे. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि सामान्य वाचकासाठी क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. म्हणून त्यांनी आपली लेखणी सैल सोडली नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचक मिळविले, ते भारदस्त भाषेसह. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा घरोघर वाचल्या गेल्या. पण त्यांच्या खपाकडे बोट दाखवून कोणी त्यांना वाङ्मयाचा मानदंड ठरविले नाही. करमणुकीला करमणूक म्हणण्याचा विवेक त्या समाजापाशी होता.

आज हरवला आहे तो हाच विवेक. तालुक्याच्या गावातील एखादा मुलगा आयुष्यातील पहिली इंग्रजी कादंबरी म्हणून असे पुस्तक उघडतो आणि कादंबरी म्हणजे एवढेच, असे समजून मिटतो. त्याच्या हाती पुढचे, अधिक सकस पुस्तक देण्याचे कर्तव्य कोणाचे? प्रकाशक नफा मोजतो, समीक्षक नाक मुरडून गप्प बसतो, प्राध्यापक लोकप्रियतेपुढे मान तुकवितो. मग वाचनाची पहिली पायरी हीच शेवटची ठरली, तर दोष त्या मुलाचा कसा?

वाचकाला जे मिळते, त्यावरच त्याची रुची पोसली जाते. त्याला निकृष्ट तेच वाढावयाचे आणि त्याची भूक निकृष्ट आहे असे म्हणावयाचे, हा ढोंगीपणा आता थांबला पाहिजे.