पाण्यावरचे वारकरी

सहकुटुंब सहलीचा विषय निघाला, की इंदूरच्या मराठी घरांतून पाताळपाणी, मांडव, ओंकारेश्वर ही नावे आपसूक पुढे येतात. धार रस्त्यावरचा सिरपूर तलाव मात्र अगदी जवळचा म्हणूनच बहुधा राहून जातो. यंदाच्या हिवाळ्यातली एक सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी, असे वाचकांना आग्रहाने सुचवावेसे वाटते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी होळकर राजवटीत शहराच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला गेला. पुढे यशवंत सागर झाला, १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले, आणि सिरपूरकडे पाहण्याची गरज लोकांना वाटेनाशी झाली. ज्या पाण्याची गरज सरते, त्याच्या वाट्याला सांडपाणी, कचरा आणि अतिक्रमण येते. येथेही तेच झाले. अशा वेळी काही मंडळी तेथे नेमाने जात राहिली. त्यांत अग्रभागी होते इंदूरचेच चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांची 'द नेचर व्हॉलंटियर्स' ही संस्था. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री लाभली. १९७१ साली इराणातील रामसर येथे झालेल्या करारानुसार जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी ठेवली जाते. तीत सिरपूरचे नाव २०२२ साली आले. २०२५ मध्ये पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून इंदूरला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली.

या तलावाचे मर्म त्याच्या उथळपणात आहे. भर पावसाळ्यातही तो सुमारे दोन मीटरच खोल असतो. नौकाविहाराच्या हौशी माणसास हे उणे वाटेल. पक्ष्यांना मात्र नेमके हेच हवे असते. उथळ पाण्यात ऊन खोलवर पोचते, पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आश्रयाने किडे, गोगलगायी आणि मासळीची पिले पोसली जातात. डोके पाण्यात व शेपटी वर करून चरणारी बदके अशाच जागी उतरतात. थापट्या, तलवार बदक यांसारखे पाहुणे तर थेट उत्तर आशियातून येतात.

मुलांना हे सारे दाखवताना एक गोष्ट अवश्य करावी: पक्ष्यांची नावे मराठीतून सांगावीत. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना खंड्या 'किलकिला' म्हणून माहीत असतो, नाही तर 'किंगफिशर' म्हणून. त्यात वावगे काहीच नाही. पण आपल्या नावांत जे चित्र दडलेले असते, ते हाती लागत नाही. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा असलेला पक्षी म्हणजे वारकरी. ज्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी तांबडे ठिपके, ते हळदीकुंकू बदक. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. पानांवरून अलगद चालणारा कमळपक्षी. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या. नाव का पडले असावे, हे पक्षी समोर असताना बहुधा सांगावेच लागत नाही. घरी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' असेल, तर संध्याकाळी तो उघडून सकाळचे पाहुणे पुन्हा शोधता येतात.

जाताना पथ्ये थोडीच. सूर्योदयाच्या सुमारास पोचावे. भडक कपडे, मोठ्याने बोलणे व गाणी वर्ज्य. दुर्बीण असल्यास उत्तम. पाव, शेव, फरसाण पाण्यात टाकू नये. ते पक्ष्यांचे अन्न नव्हे, आणि न खाल्लेले कुजून पाणी नासते. आपली शिदोरी बाहेर येऊन सोडावी.

आपल्या घरातील मराठी टिकेल का, ही चिंता या प्रांतांतील प्रत्येक मेळाव्यात बोलून दाखवली जाते. भाषा भाषणांनी टिकत नाही. तिच्यातून रोज काही तरी पाहावे, ओळखावे, हाक मारावी लागते. सिरपूरचा तलावही माणसे जात राहिली म्हणूनच वाचला. आपल्या नातवंडांनी पाण्याकडे बोट दाखवून "आजी, तो बघ वारकरी!" असे म्हणावे, असे वाटत असेल, तर एका रविवारी तिला बरोबर घेऊन निघावे. आजीला पक्षी ठाऊक नसेल कदाचित. वारकरी नक्कीच ठाऊक असतो.